खालून येणारी थंडी

दीपमालाच्या हाताला वजन कळायचं. डाळिंब तळहातावर घेतलं, बोटं जराशी मिटली की ती बोलून जायची, "दोनशे साठ." नव्यानं कामाला लागलेल्या पोरींना ते खरं वाटायचं नाही. त्या फळ काट्यावर ठेवून बघायच्या आणि मग एकमेकींना कोपरानं ढोसून हसायच्या. आटपाडीच्या त्या पॅकिंग हाऊसमध्ये प्रतवारीच्या टेबलाशी तिनं अठरा वर्षं उभ्यानं काढली होती. मालक म्हणायचे, दीपमालाताई रजेवर असल्या की काटा बिघडल्यासारखं वाटतं.

माहेर माण तालुक्यातलं, दहिवडीच्याही पुढं. वडील मुंबईला माथाडी कामगार होते. वर्षातून दोनदा गावी यायचे, आणि आले की पहिले दोन दिवस नुसते झोपायचे. ओझं वाहून वाहून त्यांचा एक खांदा उतरला होता. लेकीनं शिकावं एवढा एकच हट्ट त्यांनी धरला आणि दीपमाला दहिवडीच्या कॉलेजातून इतिहास घेऊन बी.ए. झाली. लग्न होऊन आटपाडीत आली तेव्हा सासरी तीन एकर डाळिंब होतं आणि नवरा आप्पासाहेब, ज्याचं बसस्थानकाजवळ शेतपंपाच्या मोटारी रिवाइंडिंग करायचं दुकान होतं. माणूस कमी बोलायचा. तांब्याच्या तारेचे वेढे मोजता मोजता त्याची बोलायची सवयच मोडली असावी. मुलं दोन झाली, यशराज आणि त्याच्यापाठी तीन वर्षांनी शिवांजली.

यशराज कराडला इंजिनिअरिंगला गेला आणि तिथं त्याला डोंगराचं वेड लागलं. आधी सह्याद्रीतले गडकिल्ले झाले. तिसऱ्या वर्षाच्या परीक्षेनंतर, मे महिन्यात, पाच मित्रांनी हिमालयातली एक बर्फाळ खिंड ओलांडायचं ठरवलं. सामान घ्यायला दीपमाला त्याच्याबरोबर पुण्याला गेली. स्लीपिंग बॅग तिनं सगळ्यांत जाड घेतली. मग अंगाखाली घालायची मॅट बघायची वेळ आली.

यशराजनं पिवळ्या फोमची, घड्याघड्यांची एक मॅट उचलली. "मम्मी, ही बघ. फाटत नाही, फुटत नाही."

"ही? आरं, ह्यो तर डाळिंबाच्या पेटीत घालायचा फोम हाय. ह्याच्यावर निजणार व्हय तू? दगड टोचून पाठ सोलंल."

दुकानातला मुलगा हसला. त्यानं दुसरी काढली, निळी, हवा भरायची. फुगवली की चार बोटं जाड, आणि गुंडाळली की पाण्याच्या बाटलीएवढी. दीपमालानं फुगलेल्या मॅटवर तळवा दाबून बघितला. मऊ होती. मग गुंडाळलेली हातात घेतली आणि म्हणाली, "साडेचारशे."

दुकानातल्या मुलानं काट्यावर ठेवली. चारशे पंचावन्न भरली.

"माझ्या आईला काटा लागत नाही," यशराज दुकानभर ऐकू जाईल असं म्हणाला. त्या मुलानं एवढंच विचारलं, "बर्फात जायचंय का?" तर तीच उत्तरली, "बॅग जाड घेतलीय की."

निळी मॅट तिनं घेतली. त्यात तिचं काही चुकलं असं कुणी आटपाडीकर म्हणणार नाही. तिकडं उन्हाळ्यात संध्याकाळी गच्चीवर पाणी मारतात, स्लॅब निवू देतात आणि मग त्यावर पातळ वाकळ टाकून पडतात. जमीन गार लागली की माणसं सुखावतात. जमिनीवर भीती असते ती विंचवाची, खड्यांची. थंडी म्हणजे वरून पांघरायचं काम. खालच्या जमिनीचा गारवा माणसाच्या अंगातली ऊब ओढून नेतो हे ज्यांनी कधी सोसलंच नाही, त्यांना सुचावं तरी कसं?

यशराज गेला त्याच्या बाराव्या दिवशी फोन आला. आटपाडीत पारा बेचाळिसावर होता. दीपमाला गच्चीवर पाणी मारत होती. खिंडीच्या अलीकडच्या मुक्कामावर, तंबूत, पहाटे तो गेला होता.

तिसऱ्या दिवशी त्याला घरी आणलं. नाशिकहून चुलते यायचे होते, तोवर उन्हात ठेवायचं कसं म्हणून केरबा बर्फवाल्यानं दोन लाद्या आणून दिल्या. सोबत आलेल्या कागदावर इंग्रजीत लिहिलं होतं की फुफ्फुसात पाणी भरलं. दीपमालानं तो कागद स्वतः वाचला. तिला इंग्रजी येत होतं. पण भेटायला आलेला जो तो म्हणत होता, थंडी भरली, थंडी छातीत उतरली, आणि कागदावरच्या शब्दांचा अर्थही तिनं तोच लावला. मग तो कागद आप्पासाहेबानं कपाटात ठेवून दिला.

तेराव्याला यशराजचा मित्र प्रबुद्ध दारात येऊन उभा राहिला. मलकापूरचा मुलगा, कराडला दोघं एका खोलीत राहायचे, त्या रात्री एकाच तंबूत होते. त्याच्या पाठीवर यशराजची सॅक होती. दीपमालानं त्याच्याकडं एकदा बघितलं आणि ती आत निघून गेली. तिच्या डोळ्यांत जे होतं ते त्याला वाचता आलं असावं. सॅक उंबऱ्याशी ठेवून तो गेला आणि पुन्हा आला नाही.

आठेक महिन्यांनी दीपमाला मोबाईलवर काहीबाही बघत होती. कुणी डोंगरावरचा माणूस मॅटविषयी बोलत होता. तो सांगत होता, माणूस जमिनीवर निजतो तेव्हा स्लीपिंग बॅगचा पाठीखालचा भाग चेपून जातो, त्याची ऊब संपते. तिथं काम करते ती मॅट. नुसत्या हवेच्या मॅटमध्ये आतली हवा खेळत राहते, अंगाची ऊब घेते आणि खाली बर्फाला देऊन येते, रात्रभर. प्रत्येक मॅटला ऊब अडवण्याचा एक आकडा असतो. बर्फावर निजायचं तर तो चाराच्या वर हवा. त्यानं एक निळी मॅट उचलून दाखवली. तिचा आकडा होता एक.

दीपमालानं तो व्हिडिओ पाच वेळा बघितला. मग उठून कपाटातली निळी मॅट काढली. पिशवीच्या आतल्या बाजूला शिवलेल्या पट्टीवर, बारीक अक्षरात, तो आकडा होताच. वजन तिनं हातानं ओळखलं होतं, मऊपणा तळव्यानं पारखला होता. आकडा वाचला नव्हता.

त्यानंतर ती मॅटविषयी शिकत गेली. पॅकिंग हाऊसवरून आल्यावर, भाकरी थापून झाल्यावर, ती वहीत लिहायची. बंद फोडांचा फोम, पुण्यातल्या पिवळ्या मॅटसारखा. आकडा दोन, पण कधी फुटत नाही. आत चंदेरी पातळ पडदे असलेली हवेची मॅट. हलकी, आकडा चाराच्या वर, पण कूस बदलली की वेफरच्या पुड्यासारखी वाजते. आत कापसासारखे तंतू भरलेली. आपोआप फुगणारी, जड. दोन मॅटा एकावर एक घातल्या तर आकड्यांची बेरीज होते. गावातली पोरं कुठं गडावर निघाली की ती रस्त्यात थांबवायची. "खाली काय घेतलंयस?" पोरं आधी हसायची, मग लाजायची. पुढं पुढं पोरंच स्वतः फोटो पाठवायला लागली, काकू, ही चालेल का? काकू लगेच उत्तर द्यायची. कामाचं सोडून तिला एवढं एकच बोलायला आवडायचं. घरात मात्र कुणाशी नाही. आप्पासाहेब तिला पूर्वी 'यशाची आई' म्हणून हाक मारायचा. आता तो हाकच मारत नव्हता. समोर येऊन उभा राहायचा आणि बोलायचा.

अशी चार वर्षं गेली. शिवांजली कराडला बी.फार्म. करत होती. एप्रिलमध्ये ती घरी आली आणि दुसऱ्या दिवशी, आई चुलीपुढं असताना, मागून म्हणाली, "मम्मी, मी दोन वर्षं ट्रेकला जाते. प्रबुद्धदादाच्या ग्रुपबरोबर."

दीपमालानं भाकरी उलटली. "वासनोट्याला गेलतीस ते माझ्या कानावर आलंय."

"वासोटा गं."

"त्येच त्ये."

"आता मेमध्ये आम्ही जाणार आहोत. तिकडं. त्याच खिंडीत."

भाकरीला करपल्याचा वास सुटला. दीपमालानं ती उचलली नाही.

"त्याच कशाला? डोंगर संपलं का सगळं?"

"आपल्या घरात त्या जागेचं नावसुद्धा कुणी घेत नाही, मम्मी. दादा गेला म्हणजे कुठं गेला, मला डोळ्यांपुढं काहीच येत नाही. मला ती जागा नुसती बघायचीय."

आप्पासाहेबानं ऐकलं आणि म्हणाला, "तुमचं तुमी बघा," आणि दुकानाला गेला. दीपमाला आठ दिवस काही बोलली नाही. नवव्या दिवशी कराडला फोन लावून म्हणाली, "मॅट मी निवडणार. माझं समाधान झालं तर जायाचं. न्हाई झालं तर न्हाई."

"चालेल," शिवांजली म्हणाली. तिला वाटलं, सुटले.

समाधान करून घ्यायची रीत मात्र दीपमालानं स्वतःची काढली. वहीतल्या आकड्यांवर तिचा विश्वास होता, पण एकदा हातानं फसलेली बाई आता कुणाच्या लिहिण्यावरही पुरती टेकायला तयार नव्हती. मे उजाडला तेव्हा तिनं केरबाला चार लाद्या बर्फ सांगितला. शिवांजलीनं तीन नव्या मॅटा आणल्या होत्या, फोमची, चंदेरी पडद्याची आणि आपोआप फुगणारी. प्रबुद्ध आणखी एक जाड मॅट घेऊन दुपारी येणार होता. हे तिनं आईला घाबरत सांगितलं. आई चुलीतलं लाकूड पुढं सारत राहिली.

केरबाचा टेम्पो दुपारी बाराला दारात लागला. भुशात आणि पोत्यात गुंडाळलेल्या लाद्या त्यानं खाली घेतल्या.

"काय वैनी, लगीन काढलं का पोरीचं? आमाला पत्रिका न्हाई, आन् बर्फ तेवढा आमचा!"

"लगीन न्हाई केरबा. आत ठेव, मधल्या खोलीत. चारीबी एकाला एक लावून."

केरबा लादी घेऊन मधल्या खोलीच्या दारात गेला आणि थांबला. त्याच खोलीत, त्याच भिंतीशी त्यानं चार वर्षांपूर्वी दोन लाद्या लावल्या होत्या. त्याचं हसू विरलं. पुढच्या तीन लाद्या त्यानं तोंडातून शब्द न काढता आणल्या. जाताना उंबऱ्यावर पाय पुसत म्हणाला, "वैनी, काय इपरीत न्हाई न्हवं?"

"न्हाई रं बाबा. मॅट बघायची हाय."

त्याला त्यातलं काही कळलं नाही. तो अंगणातच टेम्पोला टेकून उभा राहिला.

शेजारच्या आक्काताई बर्फ बघून आल्या होत्या. पंच्याहत्तरी पार केलेली बाई, बोलायला कुणाला भ्यायची नाही. बर्फावर दीपमालानं सतरंजी टाकली आणि तिच्यावर मॅट फुगवून ठेवली, तेव्हा त्यांना उलगडा झाला.

"आगं बया! ह्याच्यावर निजतीस व्हय? दीपमाला, बर्फावर मेल्याली माणसं निजवत्यात. जित्या माणसानं पाठ लावू नये. ऊठ, शानी का खुळी?"

"आक्का, हितं थंडी न्हाई. मग बर्फातली मॅट बघू कशी? डाळिंबाच्या कोल्ड स्टोरेजात तर निजून बघता येत न्हाई."

"तर! बी.ए. झालीस ती ह्येच्यासाठी!"

शिवांजलीला हसू आलं, पण मॅटकडं लक्ष गेलं आणि ते थांबलं. तीन नव्या मॅटा कोपऱ्यात तशाच होत्या. बर्फावर निळी होती. दादाची.

"मम्मी, ही नाही ना न्यायची. मग ही कशाला?"

"आधी ही."

दीपमालानं पदर खोचला आणि ती निळ्या मॅटवर उताणी झाली. पहिल्या मिनिटाला काहीच कळलं नाही. उलट बाहेरच्या उकाड्यातून आल्यावर बरं वाटलं. चार-पाच मिनिटांनी कमरेखाली ओलं झाल्यासारखं वाटलं. तिनं हात घालून बघितला, ओलं नव्हतं. मग गारवा वर चढायला लागला, आधी माकडहाडात, मग खांद्यांच्या फऱ्यात, मग बरगड्यांच्या आत. दहा मिनिटांनी तिचे दात वाजायला लागले. वर पंखा गरम हवा फेकत होता, आणि खालून कुणी पाठीतून काहीतरी उपसून घेत होतं.

"मम्मी, बास. कळलं ना? ऊठ आता."

"त्यो रातभर होता."

"मम्मी!"

"पंधरा मिनटं झाली न्हाईत अजून."

पंधरा झाली, वीस झाली. शिवांजली हात धरून ओढायला लागली तर ती बर्फाला चिकटल्यासारखी जड झाली होती. ओठ काळसर झाले होते. आक्काताई बाहेर जाऊन केरबाला म्हणाल्या, "आरं, आप्पाला हाक मार." केरबा दुकानाकडं पळाला.

त्याच वेळी पाठीवर सॅक आणि हातात गुंडाळी घेतलेला एक उंच मुलगा अंगणात आला. दाराशी त्यानं चपला काढल्या आणि मान वर केली. मधल्या खोलीतली भिंत, बर्फ, निळी मॅट आणि तिच्यावर उताणी पडलेली यशराजची आई. प्रबुद्धच्या हातातली गुंडाळी खाली पडली.

"काकू, उठा." तो दारातच गुडघ्यांवर बसला. "काकू, पाया पडतो, उठा. यश या मॅटवर नव्हता."

दीपमालानं मान वळवली.

"त्या रात्री या मॅटवर मी होतो."

पंख्याचा खडखड आवाज येत होता. दीपमाला हळूहळू उठून बसली. शिवांजलीनं तिच्या अंगावर रग टाकला, तो तिनं ओढून घेतला नाही की झिडकारलाही नाही.

"सांग," ती म्हणाली.

तो सांगत गेला. आवाज चढू-उतरू न देता, जणू इतकी वर्षं मनात म्हणून म्हणून पाठ झालं होतं. "दुपारपासून त्याला खोकला होता. डोकं दुखत होतं. आम्हांला वाटलं, थंडी बाधली. वाटाड्या म्हणाला, ह्याला घेऊन आत्ता खाली उतरू. यश म्हणाला, उद्या खिंड आहे, एवढ्यासाठी कुणी उतरतं का, नुसती सर्दी आहे. मीपण म्हणालो, सर्दीच आहे. आपल्याकडं खोकला आला की काय करतात? पांघरूण घालतात. आम्ही तेच केलं, काकू. आम्हां चौघांकडं जे जे गरम होतं ते त्याला दिलं. माझी फोमची मॅट, तिच्यावर दुसऱ्याची जाड मॅट, दोन स्लीपिंग बॅगा. तुम्ही दिलेली सुंठ उकळून पाजली. त्याला थंडी वाजत नव्हती. तो घामाघूम झाला होता. बॅग काढा म्हणत होता, आम्ही काढू देत नव्हतो. त्याच्या छातीतून बुडबुड्यांसारखा आवाज येत होता, आणि आम्ही त्याला आणखी झाकत होतो."

निळ्या मॅटकडं बघत तो म्हणाला, "मी हिच्यावर रात्रभर कुडकुडलो. पण मी आहे ना. थंडीनं नाही गेला तो. उंचीवर फुफ्फुसात पाणी भरतं, त्याला ऊब लागू पडत नाही. डॉक्टर म्हणाले, त्याला औषध एकच होतं, उतरणं."

"मग चार वरीस का गप बसलास?"

"त्या दिवशी तुम्ही आत निघून गेलात. आधी वाईट वाटलं. मग वाटलं, बरं झालं. मलाही सांगायचं नव्हतं."

दीपमाला त्याच्याकडं बघत राहिली. ती त्याला शिव्या देईल असं शिवांजलीला वाटलं. कदाचित जवळ घेईल असंही वाटलं. तिनं दोन्हीतलं काही केलं नाही. तिनं निळ्या मॅटची तोटी उघडली. हवा सूं करत निघून गेली, आणि ती चपटी झालेली मॅट मांडीवर घेऊन बसून राहिली.

तेवढ्यात आप्पासाहेब धापा टाकत आला. प्रबुद्धला बघून त्याला काय ते समजलं. बर्फाचं पाणी उंबऱ्याकडं वाहायला लागलं होतं. केरबा हळूच म्हणाला, "मालक, उरल्याला बर्फ परत न्हेऊ का?"

"न्हे," आप्पासाहेब म्हणाला.

दोन दिवस दीपमाला कामावर गेली नाही. चार वर्षं ती एका गोष्टीला धरून उभी होती. मॅट चुकली, म्हणून पोरगा गेला. मी निवडली, म्हणून चुकली. ते दुःख होतं, पण त्याला आकार होता. त्याची वही भरता येत होती, पोरांना रस्त्यात थांबवता येत होतं, आणि मनात खोल कुठंतरी असं होतं की बरोबर मॅट निवडली की शिवांजली सुखरूप येईल. आता तिच्या हातात काही नव्हतं. पोरगा दोन मॅटांच्या उबेवर, तिच्या सुंठीचं पाणी पिऊन, गेला होता.

तिसऱ्या दिवशी तिनं नवऱ्याला विचारलं, "आवं, तुमाला ठावं हुतं?"

आप्पासाहेबानं तिच्याकडं न बघता सांगितलं, "पोराचा कागद डॉक्टराला दावला हुता मी. सांगलीला."

"कवा?"

"वर्षसराद्धाच्या आधी."

"आन् मला बोलला न्हाईसा?"

"तू त्या मॅटीचं लिवीत बसायचीस. जेवायला उठायचीस, कामाला जायाचीस." त्यानं हात पुसला, पुसलेलाच पुन्हा पुसला. "त्येवढंच तुला धराय हुतं. ते काढून घेऊन मी तुला काय दिलं असतं?"

शिवांजली कराडला परत निघाली तेव्हा तिनं विचारलं, "मम्मी, मग मी नको जाऊ का?" दीपमालानं तिची पिशवी खिडकीतून आत दिली. "मॅट कुठली नेऊ?" दीपमालानं पाण्याची बाटली वर दिली. एसटी हलेपर्यंत ती खिडकीखाली उभी राहिली आणि मग घरी येऊन तिनं प्रबुद्धला फोन लावला. त्याचा नंबर तिच्याकडं कधीपासून होता.

"तूच असणार हाईस न्हवं बरोबर?"

"हो काकू."

"शिवूला खोकला लागला तर?"

"उतरायचं."

"ती म्हणाली, नुसती सर्दी हाय, तर? ती म्हणणार. भावागत हाय ती."

"तरी उतरायचं."

"रात्र असंल तर?"

"रात्रीसुद्धा."

"खिंड एक दिवसावर राहिली असंल, बाकीची पोरं हसत असतील, तर?"

"काकू, उतरायचं."

"तुझ्या आईची शपथ घे म्हणनार हुते. ऱ्हाऊ दे. तिला कशाला मधी आणू." तिनं फोन ठेवला आणि लगेच पुन्हा लावला. या वेळी शिवांजलीला. "जा," एवढंच म्हणाली.

"आणि मॅट?"

"तुला आवडंल ती घे."

आईनं हट्ट केला असता, 'हीच घे, ती नको' म्हणाली असती, तर शिवांजलीला हलकं वाटलं असतं. तिनं चंदेरी पडद्याची घेतली आणि तिच्याखाली घालायला फोमचीही घेतली. जड झालं सामान. पण तिनं नेलं.

ती गेल्यावर दीपमाला कामावर जात राहिली. फळं उचलायची, बाजूला ठेवायची. कुणी मॅटचा फोटो पाठवला तर मॅटचं सांगायची आणि खाली लिहायची, खोकला आला तर खाली उतरा, कुणाचं ऐकू नका. आप्पासाहेब दुकान लवकर बंद करून घरी येत होता. दोघं फोन मधे ठेवून बसायची. पाच दिवस रेंज नव्हती.

सहाव्या दिवशी दुपारी, ती टेबलाशी असताना, अनोळखी नंबरवरून फोन आला. दीपमाला मशीनच्या आवाजापासून लांब, बाहेर पेट्यांच्या थप्पीआड गेली.

"मम्मी, मी बोलतेय." शिवांजली रडत होती. दीपमालाचा हात पेटीच्या कडेवर घट्ट झाला. "मी बरीय, मम्मी. मी बरीय. खिंड नाही झाली. काल संध्याकाळी मला खोकला आला. नुसता खोकला होता गं! मी सांगितलं, सर्दी आहे, मी भांडले प्रबुद्धदादाशी. त्यानं ऐकलंच नाही. अंधारातच उतरवलं मला. दिवसाउजेडी दादाची जागा समोर दिसत होती, मम्मी, एवढ्याएवढ्यावर. तिथपर्यंतसुद्धा जाऊ दिलं नाही."

"आता कशी हाईस?"

"आता काहीच नाही. खाली आलो आणि खोकला थांबलाच. गरम भात खाल्ला, झोपले. तीन तास लागले फक्त उतरायला."

पलीकडं ती आणखी बोलत होती, परतीच्या गाडीविषयी, तिकिटाविषयी, प्रबुद्धदादा कुणाशी बोलत नाही याविषयी. दीपमाला हं, हं म्हणत होती. फोन बंद झाल्यावरही ती थप्पीआडच उभी राहिली. आतून पोरींच्या हसण्याचा आवाज येत होता. तिनं पेटीच्या कडेवरचा हात सोडवून घेतला तर बोटांवर लाकडाचे वण उमटले होते.

आप्पासाहेबाला तिनं दुकानातच गाठलं. तो मोटारीत तार भरत होता. तिला अवेळी आलेली बघून त्यानं तार खाली ठेवली आणि तो उठून उभाच राहिला.

"शिवू बरी हाय," ती म्हणाली. "खाली आलीय. जेवली."

तो मटकन स्टुलावर बसला आणि त्यानं तोंड दोन्ही हातांनी झाकून घेतलं. ती त्याच्या शेजारी, मोटारींच्या मधल्या जागेत, जमिनीवर बसली. उतरायला तीनच तास लागले, ते तिनं त्याला सांगितलं नाही.